काळीचे देणे

सप्टेंबर २०२५ मध्ये बीड शहरात प्रवासी रेल्वेगाडी येऊन थांबली. अहिल्यानगर ते परळी वैजनाथ या २६१ किलोमीटरच्या लोहमार्गाची प्रतीक्षा जिल्ह्याने कित्येक दशके केली होती. आष्टीपर्यंतचा टप्पा २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाला आणि त्यानंतर तीन वर्षांनी रूळ जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी पोहोचले. अहिल्यानगर मागे पडले की गाडी सीना नदीच्या खोऱ्यातून पूर्वेकडे सरकते. बाजरी, तूर आणि ज्वारीची शेते, मध्येच उघडे माळ, दूरवर बालाघाटच्या सपाट माथ्याचे डोंगर आणि डोंगरांच्या पायथ्याशी मातीचे लांबट बांध दिसतात. पावसाळ्यानंतर या बांधांमागे पाणी चमकते. वैशाखात तेथे भेगाळलेला तळ उरतो. हे पाझर तलाव आणि साठवण तलाव. बीड जिल्ह्याचा अर्धा इतिहास त्यांच्या तळाशी साचलेला आहे.

हा इतिहास समजण्यासाठी गावकऱ्यांच्या बोलीतील दोन शब्द पुरेसे आहेत. जेथे घरे, देऊळ, चावडी आणि दुकाने असतात ती ‘पांढरी’. जेथे धान्य पिकते ती ‘काळी’. गावाची वस्ती बहुधा पांढऱ्या मातीच्या उंचवट्यावर असते. त्याच मातीने जुन्या गढ्यांच्या भिंती उभ्या राहिल्या आणि माळवदाच्या घरांची छपरे झाकली गेली. काळी माती पोटासाठी, पांढरी माती निवाऱ्यासाठी, अशी ही वाटणी आहे. काळी पिकली तर पांढरी नांदते, हे या भागात कोणाला शिकवावे लागत नाही. पांढरीने मात्र काळीला काय परत द्यायचे, याचा हिशेब फार काळ कोणी मांडला नाही. गेल्या काही दशकांत बीडमध्ये झालेल्या चांगल्या कामांचा धागा शोधला, तर तो या राहून गेलेल्या हिशेबापाशी येतो.

कड्याची पेठ

आष्टीच्या अलीकडे कडा हे स्थानक लागते. स्थानकवासी परंपरेतील ज्या आचार्य अमोलकऋषीजींनी बत्तीस आगमांचा हिंदी अनुवाद सिद्ध केला, त्यांचे नाव धारण करणारी शिक्षणसंस्था या गावात आहे. आष्टी तालुका आणि शेजारचा अहिल्यानगर जिल्हा येथील अनेक जैन कुटुंबांचे पूर्वज मारवाडातून आले. मागे एक कोरडा प्रदेश सोडून ते दुसऱ्या कोरड्या प्रदेशात स्थिरावले. किराणा, कापड, भुसार आणि आडत हे त्यांचे व्यवसाय. पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला बियाणे आणि किराणा उधार द्यायचा, सुगीनंतर त्याचा माल तोलायचा आणि खाते मिटवायचे, या चक्रावर शेतकऱ्याचे घर आणि दुकानदाराचे घर अशी दोन्ही घरे चालत. त्यात आपुलकी होती, तशीच ओढाताणही होती. व्याजाच्या आकड्यावरून मने दुखावली गेली आणि लेकीच्या लग्नात वेळेवर झालेल्या मदतीमुळे ती पुन्हा जुळलीही.

या चक्रात एक गोष्ट पक्की होती. पाऊस हुकला की पहिला खाडा शेतात पडे आणि दुसरा दुकानाच्या चोपडीत. ज्या वर्षी विहिरी आटत त्या वर्षी उधारी वसूल होत नसे आणि पुढच्या दिवाळीला नवी वही घालताना जुन्याच रकमा पुढे ओढाव्या लागत. व्यापारी पांढरीवर राहत असला, तरी त्याचे भांडवल काळीत पेरलेले असे.

आज या पेठेपुढे आणखी एक अडचण उभी आहे. शिकलेली मुले पुणे, अहिल्यानगर किंवा छत्रपती संभाजीनगरला जातात आणि तेथेच घर करतात. गावातील दुकानाच्या गल्ल्यावर वडील बसलेले असतात आणि मागचा वाडा बंद असतो. दुसऱ्या टोकाला, दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड कामगारांची कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. एक कुटुंब सुखासाठी गाव सोडते, दुसरे पोटासाठी. पांढरी दोन्ही बाजूंनी रिकामी होते.

आकाशातले आणि तळ्यातले

बीड जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा आकडा वाटतो तितका लहान नाही. एका एकरावर एवढा पाऊस पडला, तर त्याचे पाणी सुमारे २६ लाख लिटर भरते. माणशी रोज ५५ लिटर धरले, तर पाच माणसांच्या घराला वर्षभरासाठी एक लाख लिटर लागते. म्हणजे एका एकरावरील पाऊस २६ घरांची वर्षभराची गरज भागवू शकेल. खरी अडचण पावसाच्या वागण्यात आहे. तो थोड्या दिवसांत कोसळतो, दोन सरींत महिन्याचे अंतर टाकतो आणि कित्येकदा ऐन गरजेच्या वेळी पाठ फिरवतो. बालाघाटच्या उतारावरून धावणारे पाणी थांबवले नाही, तर ते उत्तरेकडे गोदावरीला किंवा दक्षिणेकडे मांजरेला जाऊन मिळते. जाताना ते शेताच्या वरच्या थरातील सुपीक मातीही घेऊन जाते.

बीड शहरात पाणी अडवण्याचे आणि वळवण्याचे जुने शहाणपण आजही पाहायला मिळते. कंकालेश्वराचे मंदिर पाण्याच्या कुंडात उभे आहे. शहराच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर खजाना बावडी आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहाच्या काळात, सलाबतखानाने ती बांधवून घेतली. बांधणीचे श्रेय राजा भास्कर या स्थापत्यकाराला दिले जाते. भूमिगत नहरींतून पाणी या विहिरीत येते आणि दुसऱ्या नहरीने केवळ जमिनीच्या उताराच्या बळावर पुढच्या शिवाराकडे जाते. मोट नाही, पंप नाही. या पाण्यावर पाचशे एकरांच्या आसपास जमीन भिजत असे, असे सांगितले जाते. मोठ्या दुष्काळांतही बावडी कोरडी पडली नाही, ही तिची ख्याती आहे. बांधणाऱ्याने जमिनीच्या पोटातील पाण्याचा मार्ग ओळखला आणि झिरपून येते तेवढेच घेतले, हे त्या ख्यातीचे कारण असावे.

त्याच शहराने आपल्या नदीकडे पाठ फिरवल्यावर काय घडले, तेही वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेला महापूर आला आणि काठावरच्या वस्त्यांमध्ये मोठी प्राणहानी झाली. एरवी नाल्यासारखी दिसणारी नदी एका रात्रीत आपली जुनी जागा मागायला आली. नदीची जागा नदीला ठेवायची, हा घरबांधणीचा पहिला नियम त्या पुराने सांगितला.

माळवद आणि किल्लारी

घरबांधणीचा दुसरा धडा शेजारच्या जिल्ह्यांतून आला. मराठवाड्यातील जुने माळवद उन्हाळ्यात थंड राहते. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्यावर नव्या मातीची भर पडे आणि पिढ्यान्पिढ्या छपराचे ओझे वाढत जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांना भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा दगड-मातीच्या भिंती ढासळल्या आणि ते ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे आठ हजार माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

त्या वेळी भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. त्यांच्यासाठी वाघोली येथे शैक्षणिक पुनर्वसनाचा प्रकल्प उभा राहिला. १९८५ मध्ये ही संघटना स्थापन करणारे शांतिलाल मुथ्था मूळचे बीड जिल्ह्यातले. आरंभी समाजातील विवाहखर्चाच्या प्रश्नाकडे वळलेले हे काम किल्लारीनंतर आपत्तीच्या कामाकडे गेले आणि वीस वर्षांनी आपल्याच जिल्ह्याच्या मातीपाशी परतले.

तळाशी काय साचले होते

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर दुष्काळी कामे निघाली. लाखो हातांनी खडी फोडली, रस्ते केले आणि पाझर तलावांचे बांध घातले. मराठवाड्यातील अनेक तलाव त्या आणि त्यानंतरच्या रोजगार हमीच्या काळातले. ज्यांनी ते बांधले त्यांना मजुरी मिळाली, गावाला पाणी मिळाले आणि त्यानंतर तलावांची निगा राखण्याचे मागेच पडले. प्रत्येक पावसाळ्यात वरच्या शेतांतून वाहून आलेली माती तळाशी बसत राहिली. चाळीस वर्षांत अनेक तलाव बाहेरून तेवढेच दिसत होते, पण आत उथळ झाले होते. सरकारी नोंदीतील पाणी आणि प्रत्यक्षातील पाणी यांत अंतर पडले. तळाला बसलेल्या चिकण गाळाने पाणी मुरण्याची वाटही बंद केली. पाझर तलाव पाझरेनासा झाला आणि खालच्या विहिरी रिकाम्या राहू लागल्या.

२०१२ चा पावसाळा हुकला. २०१३ च्या उन्हाळ्यात बीड, जालना आणि उस्मानाबाद हे जिल्हे होरपळून निघाले. परळीच्या औष्णिक वीज केंद्राचे संच पाण्याअभावी त्या फेब्रुवारीत बंद करावे लागले. गावोगाव टँकर फिरत होते आणि गुरे छावण्यांमध्ये बांधलेली होती. अशा वेळी मदतीचे मार्ग ठरलेले असतात. कोणी टँकर पाठवतो, कोणी चारा, कोणी धान्य. या मदतीने जीव वाचतात आणि ती केलीच पाहिजे. पण टँकरचे पाणी संध्याकाळी संपते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टँकर लागतो.

त्या उन्हाळ्यात भारतीय जैन संघटनेने बीड जिल्ह्यातील ११७ तलावांमधून सुमारे २० लाख घनमीटर गाळ काढला. कोरडा पडलेला तलाव हे एरवी दुष्काळाचे चिन्ह. येथे ती कामाची संधी ठरली. भरलेल्या तलावाचा गाळ काढता येत नाही.

२० लाख घनमीटर हा आकडा घरगुती मापात समजून घ्यावा लागतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट; त्या मापाने हा गाळ सुमारे सात लाख ब्रास भरतो. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास माती बसते असे धरले, तर सात लाख खेपा झाल्या. गाळ उपसून जी जागा मोकळी झाली, ती एकदा पूर्ण भरली तर २०० कोटी लिटर पाणी मावेल. माणशी रोज ५५ लिटर या मापाने ते जवळपास एक लाख माणसांना वर्षभर पुरेल. त्यातले काही उन्हाने उडेल आणि काही जमिनीत मुरेल हे खरे. पण मुरलेले पाणी विहिरींतच उतरते, ते वाया जात नाही.

गोष्ट एवढ्यावर संपली असती, तर ती केवळ पाण्याची झाली असती. उपसलेला गाळ कोठे गेला, हा तिचा अधिक महत्त्वाचा भाग आहे.

माती घरी परतते

तलावाच्या तळाशी बसलेला गाळ म्हणजे शिवारातून वाहून आलेलीच काळी. तिच्यात बारीक चिकण कण असतात, कुजलेला पालापाचोळा असतो आणि पाणी धरून ठेवण्याची शक्ती असते. डोंगरउतारावरच्या बरड जमिनीत, जेथे हातभर खणले की मुरूम लागतो, तेथे हा गाळ पसरला की जमिनीचा पोत बदलतो. पूर्वी जेथे बाजरी कशीबशी हाती येई, तेथे तूर, ज्वारी, भाजीपाला किंवा फळबाग यांचा विचार करता येतो. दोन पावसांत खंड पडला, तरी ओल काही दिवस अधिक टिकते.

या कामाची रीत साधी आहे. यंत्र आणि इंधन यांचा भार संस्था, दाते किंवा शासन उचलते. गाळ शेतकऱ्याने आपल्या खर्चाने वाहून न्यायचा. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही आणि पूर्ण खर्च शेतकऱ्यावर टाकला तर काम उभे राहत नाही. दोघांनी मिळून उचललेला भार दोघांनाही पेलतो. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली, तीही याच वाटणीवर. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने बुलढाणा जिल्ह्यात ‘सुजलाम सुफलाम’ या नावाने हे काम हाती घेतले.

रीत साधी असली, तरी तिच्यात एक अवघड जागा आहे. एका एकरावर चार इंचांचा थर द्यायचा, तर सुमारे १४५ ब्रास गाळ लागतो. ज्याच्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर आहे, त्याला हे जमते. ज्याच्याकडे दीड एकर बरड आहे आणि जो वर्षातील पाच महिने उसाच्या फडात असतो, त्याला ते परवडत नाही. परिणामी सार्वजनिक तलावातील माती मोठ्या शेतकऱ्याच्या रानात अधिक आणि गरजवंताच्या रानात कमी जाण्याचा धोका राहतो. पुढील काळात शासनाने लहान आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांना गाळ वाहून नेण्यासाठी अनुदान देण्याची तरतूद केली, ती या जाणिवेतूनच. पेठेतील दानशूर माणसाला येथे नेमके काम सापडते. यंत्राच्या तासांबरोबर चार गरीब घरांच्या ट्रॉलीच्या खेपाही त्याने आपल्या खाती मांडल्या, तर दानाचे वजन योग्य पारड्यात पडते.

गाळाचे आणखी काही नियम जाणकार शेतकरी पाळतात. मुळातच भारी असलेल्या काळ्या रानात गाळ टाकत नाहीत, कारण तेथे पाणी तुंबते. जाड थर एकदम न देता पातळ थर देतात आणि तो मूळ मातीत मिसळून घेतात. माती क्षारयुक्त नाही, याची आधी तपासणी करतात. तलावातही साचलेला गाळ तेवढाच काढायचा असतो. मूळ तळाच्या खाली उकरत गेले की तलाव उपयोगाचा राहत नाही.

जैन घरांत हा शेवटचा नियम अधिक खोलवर समजेल. श्रावकासाठी वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांमध्ये तलाव-सरोवरांचे शोषण करणे हा व्यवसाय येतो आणि जमीन फोडण्याचा व्यवसायही येतो. पाणी हा वापराचा पदार्थ मानण्याऐवजी जीव मानणाऱ्या परंपरेने तलाव आटवणे पाप ठरवले, यात नवल नाही. एखादा तलाव पंपाने आटतो, तसाच तो दुर्लक्षानेही आटतो. साचलेला गाळ जयणापूर्वक, कोरड्या तळातून, गरजेपुरता काढणे आणि नफ्यासाठी जमीन फोडत जाणे यांतील अंतर विवेकाने ओळखावे लागते. ज्या घरांत पाणी गाळून घेतल्यावर गाळण्यातील जिवाणी त्याच विहिरीत परत सोडण्याची रीत होती, त्या घरांना ‘जेथून आले तेथे परत’ हे तत्त्व नवे नाही. तलावातली काळी पुन्हा शेतात नेणे हे त्याच रीतीचे मोठे रूप आहे.

कोयता आणि शाळा

पाणी आणि माती यांचा प्रश्न शेवटी माणसांपाशी येतो. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून आधी उचल घेतली जाते आणि मग हंगामभर ती फेडली जाते. कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोप्यांमध्ये संसार मांडला जातो. गुढीपाडव्याच्या सुमारास माणसे परततात तेव्हा गावातली घरे धुळीने माखलेली आणि मुलांची शाळा बुडालेली असते. शिरूर कासार तालुक्यातील आर्वी येथे दीपक आणि कावेरी नागरगोजे या दांपत्याने या शतकाच्या आरंभी ‘शांतिवन’ सुरू केले, ते अशाच मुलांसाठी. आईबाप फडात असताना मूल गावाजवळ राहावे आणि शिकावे, एवढी साधी गरज त्यामागे होती.

या व्यथेत एक विसंगती दडलेली आहे. पाण्याअभावी ज्या जिल्ह्याची माणसे दुसऱ्यांचा ऊस तोडायला जातात, त्याच जिल्ह्यात पाणी साठले की अनेकांची पहिली ओढ उसाकडे असते. कारखाना भाव ठरवून माल नेतो, ही त्यातली निश्चिंती शेतकऱ्याला हवी असते आणि त्यासाठी त्याला दोष देता येत नाही. पण तलावाचे पाणी चार-दोन रानांतील उसाने पिऊन टाकले, तर खालच्या वस्तीच्या विहिरी पुन्हा कोरड्याच. मोठे धरणही यातून सुटत नाही. केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण आटले, तेव्हा त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. साठा वाढवणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे ते पाणी कशासाठी आणि कोणासाठी, हे ठरवण्याचे.

अंबाजोगाईपासून परळीपर्यंत

ते ठरवण्याची वेगवेगळी उत्तरे जिल्ह्याच्या पूर्वेला पाहायला मिळतात. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया आणि डॉ. शैला लोहिया यांनी १९८२ मध्ये ‘मानवलोक’ उभी केली. लहान शेतकऱ्यांच्या बांधबंदिस्तीपासून पाणलोटाच्या कामापर्यंत आणि स्त्रियांच्या संघटनापर्यंत या संस्थेचा विस्तार झाला. पाणलोटाचे काम तलावाच्या वरच्या अंगाला असते. उतारावर चर आणि बांध घातले की माती जागच्या जागी थांबते आणि तलावात गाळ कमी येतो. हे वरचे काम केले नाही, तर काढलेला गाळ काही वर्षांत पुन्हा येऊन बसतो.

धारूरच्या घाटात दुसरे उत्तर झाडांवर लटकलेले असते. बालाघाटच्या खडकाळ उतारांवर सीताफळ विशेष निगा न घेता वाढते. त्याचा पाला गुरे-शेळ्या खात नाहीत आणि पाणीही त्याला थोडे पुरते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हंगामात डोंगरातून टोपल्या उतरतात आणि रस्त्याच्या कडेला बाजार भरतो. या फळाची अडचण त्याच्या नाजुकपणात आहे. पिकले की ते दोन-तीन दिवसही थांबत नाही. गर काढून गोठवणे, प्रतवारी करणे, योग्य बांधणीत दूरच्या बाजारात पाठवणे ही कामे ज्याला जमतील, तो या डोंगराला उभारी देईल. हे कसब पेठेकडे पिढीजात आहे.

परळी तालुक्यात मुंबईच्या नागरी पुनर्रचनेच्या प्रश्नांवर काम केलेले मयंक गांधी यांनी २०१६ च्या सुमारास १५ गावांपासून काम सुरू केले. त्यांच्या ग्लोबल विकास ट्रस्टने जलसंधारणाबरोबर पीकपद्धती बदलण्यावर भर दिला. कापूस आणि सोयाबीन यांच्यावरच विसंबलेल्या शेतकऱ्यांना फळझाडे आणि तुतीची लागवड यांकडे वळवण्यासाठी सिरसाळा येथे ‘कृषिकुल’ हे प्रशिक्षण केंद्र उभारले गेले. शहराच्या घरांचा विचार करणाऱ्या माणसाला अखेरीस शेताच्या बांधावर यावे लागले, यात पांढरी आणि काळी यांचे जुनेच नाते दिसते.

ताळेबंद

व्यापारी घरात वर्षाच्या अखेरीस ताळेबंद मांडतात. देणी लपवून ठेवलेला ताळेबंद काही काळ बरा दिसतो, पण पेढी बुडते. बीडच्या पांढरीने अनेक वर्षे काळीचे देणे मांडलेच नव्हते. शेताने धान्य दिले, माती वाहून गेली, तलाव भरत आला आणि कोणाच्याही वहीत त्याची नोंद झाली नाही. ११७ तलावांच्या कामाने त्या देण्याचा एक मोठा हप्ता फेडला. मात्र हे देणे एकदाच फेडून संपणारे नाही. प्रत्येक पावसाबरोबर थोडा गाळ पुन्हा येणारच. म्हणून तलावाचा गाळ हा दुष्काळातल्या दानाचा विषय न राहता दरवर्षीच्या खर्चाचा विषय व्हायला हवा, दुकानाच्या डागडुजीसारखा.

ज्यांचे वाडे कड्यात, आष्टीत, पाटोद्यात किंवा गेवराईत बंद आहेत, ती घरे आता पुण्याहून किंवा अहिल्यानगरहून सणासुदीला येतात. रेल्वेने येणे सोपे केले आहे. अशा भेटीत देवदर्शन होते, नातलगांकडे जेवण होते, वाड्याचे कुलूप उघडून झाडलोट होते. त्यात आणखी एका फेरीची भर पडावी. ज्या शिवाराच्या उधारीवर आजोबांचे दुकान चालले, त्या शिवारातला तलाव चैत्र-वैशाखात जाऊन पाहावा. तळ किती वर आला आहे, गाळ कोणाच्या रानात जाऊ शकेल, ट्रॉलीचा खर्च कोणाला झेपत नाही, हे तेथे उभे राहिल्यावर अर्ध्या तासात कळते. गावातले म्हातारे शेतकरी खाली बसून मातीचे ढेकूळ हातात घेतात, चुरून पाहतात आणि ही माती मूळ कोणत्या उतारावरची आहे, तेही सांगतात.

मृगाच्या आधी त्या तळातून ट्रॉल्या बाहेर पडल्या, तर पहिल्या मोठ्या पावसात तलावात पाणी उतरेल आणि वरच्या बरडीत काळीचा नवा थर भिजेल. पुढच्या दिवाळीला त्या गावातून फडाकडे निघणाऱ्या बैलगाड्यांत दोन-चार गाड्या कमी असल्या, तर ती त्या वर्षातील सर्वांत मोठी जमा समजावी.